"फोन इंग्रजीत करून बघा" हे उत्तर नाही

ॲप बनवणारी पोरं मला सतत विचारत असतात, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे "दादा, माझ्या फोनवर मस्त चालतंय, क्लायंटच्या फोनवर उडतंय, काय करू?" याची नेहमीची काही कारणं आहेत ती आधी पटापट सांगतो, कारण मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच कारणावर.

डिबग बिल्ड (आपल्या चाचणीचा) चालतो आणि रिलीज बिल्ड (लोकांना देतो तो) झोपतो, तर आधी आर-एट, म्हणजे अँड्रॉइडचा कोड आवळणारा प्रोग्रॅम, बघा. तो कोड आवळताना क्लासची, फील्डची नावं बदलून टाकतो आणि जीसॉन ही लायब्ररी तर नावावरूनच जेसन (सर्व्हरकडून मजकुराच्या रूपात येणारा डेटा) जुळवते, त्यामुळे सर्व्हरवरून डेटा व्यवस्थित येतो पण ऑब्जेक्टमध्ये सगळं नल, म्हणजे रिकामं. फील्डला सिरियलाइज्डनेम लावून नाव पक्कं करा नाहीतर नाव बदलू नको असा कीप रूल लिहा. लॅपटॉपवरचा सर्व्हर एमुलेटरला (लॅपटॉपमधल्या नकली फोनला) सापडत नसेल तर लोकलहोस्टच्या जागी १०.०.२.२ टाका, कारण एमुलेटरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो एमुलेटरच. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी बाय डिफॉल्ट बंद आहे आणि अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी युजरकडून मागावी लागते, हे दोन्ही बघून घ्या. झालं.

आता हे सगळं तपासलं, तरी ठरावीक लोकांच्याच फोनवर ॲप उडतंय, तर एकच विचारा: फोन कुठल्या भाषेत आहे?

कारण मराठीत ठेवलेल्या फोनवर आकडे बदलतात, आणि हे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं. भाषांचे सगळे नियम अँड्रॉइड युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या डेटामधून उचलतं, त्यात मराठीसाठी डिफॉल्ट आकडे देवनागरी आहेत. हिंदीसाठी मात्र इंग्रजी आकडेच डिफॉल्ट आहेत, म्हणून टेस्टरने फोन हिंदीत करून बघितला तरी सगळं ओके दिसतं आणि तो "भारतीय भाषेत टेस्ट केलं" म्हणून पास करून टाकतो. मराठीत आणि नेपाळीत ॲप मार खातं.

समजा दुकानाच्या हिशोबाचं ॲप आहे. नग आणि दर, दोन्ही स्ट्रिंग.फॉरमॅट करून डेटाबेसमध्ये टेक्स्ट म्हणून ठेवलेत, नगाला पर्सेंट-डी (पूर्णांकाची खूण), दराला दोन दशांश स्थळांचा पर्सेंट-एफ. लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेच्या आणि प्रदेशाच्या पद्धतीने लिहायचं ते, दिलेलं नाही, म्हणून फोनचं लोकेल लागलं आणि "१२" आणि "४५.५०" असं देवनागरीत सेव्ह झालं. नंतर परत वाचताना मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या टू-इंट ने "१२" बिनतक्रार वाचलं, कारण त्याच्या आतलं जावाचं पार्स-इंट कुठल्याही लिपीतले आकडे ओळखतं. दशांश आकडा वाचणाऱ्या टू-डबल ला मात्र फक्त इंग्रजी आकडे कळतात, त्यामुळे दुसऱ्याच ओळीत "४५.५०" वर नंबरफॉरमॅट एक्सेप्शन (हा आकडाच नाही अशी एरर) आणि ॲप बंद! बघणाऱ्याचं डोकं चक्रावतं, एक आकडा चालतो, त्याच पद्धतीने सेव्ह केलेला दुसरा चालत नाही, मग तो दशांश चिन्हावर संशय घेत बसतो. तारखेचंही तेच, सिंपलडेटफॉरमॅटला लोकेल दिलं नाही तर सर्व्हरला "२०२५-०३-०७" देवनागरीत जातं आणि सर्व्हर ती तारीख नाकारतो.

यावर सपोर्टवाले युजरला सांगतात "फोन इंग्रजीत करून बघा", युजर करतो, ॲप चालतं, तिकीट बंद. मला याचा मनापासून राग येतो. माझ्या आईच्या वयाची बाई फोन मराठीत ठेवते कारण तिला तो मराठीत वाचता येतो, आणि आपण तिला सांगायचं की आमच्या कोडची एक ओळ दुरुस्त करायच्या ऐवजी तुम्हीच तुमची भाषा बदला?

आणि दुरुस्ती खरंच एका ओळीची आहे. जे मशीनसाठी आहे, म्हणजे डेटाबेस, एपीआय, फाइलचं नाव, तिथे लोकेल.रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल, द्या. जे माणसाच्या डोळ्यांसाठी आहे तिथे फोनचं लोकेल राहू द्या. तारखेला लोकलडेटचं साधं टू-स्ट्रिंग वापरलं तर हा प्रश्नच येत नाही. आयफोनवर ठरलेल्या फॉरमॅटच्या तारखेसाठी डेटफॉरमॅटरला ई-एन-यूएस-पॉझिक्स लोकेल द्यायचं, ॲपल स्वतःच तसं सांगतं. अँड्रॉइड स्टुडिओचा लिंट (कोडमधल्या चुका दाखवणारा तपासनीस) तर लोकेल न दिल्याची वॉर्निंग पिवळ्या रंगात दाखवत असतो, ती कृपा करून म्यूट करू नका.

याच घराण्यातला दुसरा प्रश्न नावाच्या फॉर्मचा. "नावात फक्त अक्षरं" म्हणून लोक रेजेक्समध्ये (मजकूर तपासायच्या नमुन्यात) पी-एल टाकतात, म्हणजे युनिकोडमधलं कुठलंही अक्षर, पण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे युनिकोडच्या लेखी अक्षर नसून मार्क आहेत, त्यामुळे "कमल" पास आणि "सुनीता" ला "कृपया योग्य नाव टाका" असा एरर. मार्कसाठी पी-एम पण जोडा. लांबीची मर्यादा घालतानाही जपून, "स्त्री" हे दिसायला एक अक्षर, पण लेंग्थ विचारली तर ६ येते.

आणि सर्चमध्ये "दुसऱ्या" सापडत नसेल तर तो ऱ्य कसा टाइप झालाय ते तपासा, काही कीबोर्ड नुक्तावाला ऱ वापरतात आणि काही साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण स्ट्रिंग वेगळ्या, आणि युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करायच्या पद्धतीने) हे दोन एक होत नाहीत. सेव्ह करताना आणि शोधताना आपणच एका रूपात आणायचं.

टेस्टसाठी अख्खा फोन बदलायची गरज नाही, अँड्रॉइड १३ पासून सेटिंगमध्ये एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यासाठी ॲपने आपल्या भाषांची यादी जाहीर केलेली असली पाहिजे एवढंच.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग आकडे इंग्रजीच ठेवू का सगळीकडे?" नको ना. स्क्रीनवर नंबरफॉरमॅटला मराठी लोकेल द्या, तो लाखाचे स्वल्पविरामसुद्धा बरोबर टाकून १२,३४,५६७ दाखवतो. काही युजरना मजकूर मराठी आणि आकडे इंग्रजी हवे असतात, दुकानदारांना तर हमखास, त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये एक टॉगल द्या आणि तो चालू असला की लोकेल टॅगला "यू-एनयू-एलएटीएन" जोडा, बाकी कोडला हात लावायला लागत नाही.