इंटरफेस कुणी धरून ठेवलाय?

शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. साडेदहाच्या सुमारास बीकेसीतल्या आमच्या एका ग्राहकाचा फोन आला: सर्व्हरवर बंद केलेले कंटेनर (प्रोग्राम वेगवेगळे चालवायचे कप्पे) पूर्ण बंद होत नाहीत, किल मायनस नाइन या जबरदस्तीने बंद करायच्या कमांडलाही दाद देत नाहीत. लॉग मागवला. दर दहा सेकंदांनी तीच ओळ. अमुक व्हेथ इंटरफेस (कंटेनरला नेटवर्कशी जोडणारं आभासी कार्ड) मोकळा होण्याची वाट पाहतोय, यूसेज काउंट, म्हणजे तो किती जणांनी धरलाय तो आकडा, 2.

लिनक्सच्या नेटवर्क कोडमध्ये काम करणाऱ्याला ही ओळ दिसली की दिवस गेलाच म्हणून समजा. इंटरफेस वापरायला घेताना डेव्ह_होल्ड हे फंक्शन, काम झालं की डेव्ह_पुट. एकाने आकडा वाढतो, दुसऱ्याने उतरतो. इंटरफेस काढून टाकताना आकडा 1 वर येईपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थांबतो. तो 1 इंटरफेसचा स्वतःचा. मग दुसरा कुणाचा? आकडा ते सांगत नाही. सोसायटीच्या गच्चीच्या दोन चाव्या बाहेर आहेत एवढं वॉचमनला माहीत, पण वहीत नावं लिहिलेलीच नाहीत, तसली गत.

नावं लिहिण्याची सोय आता आहे. कर्नलच्या नेटवर्क कोडवर काम करणाऱ्या एरिक ड्युमाझेने लिहिलेला रेफ ट्रॅकर 2022 साली कर्नलच्या 5.17 आवृत्तीत आला; कोणत्या फंक्शनने धरलं त्याचा अख्खा स्टॅक, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं ती साखळी, तो छापतो. मात्र तो महाग, म्हणून चालू सर्व्हरवर सहसा बंदच असतो. ग्राहकाची कॉन्फिगरेशन मागवून अंधेरीतल्या आमच्या टेस्ट मशीनवर ट्रॅकरवाला कर्नल चढवला. तिथेही इंटरफेस अडकला, पण ट्रॅकरची यादी रिकामी.

आमच्या टीममधला नवीन मुलगा हिरमुसला. मला मात्र बरं वाटलं. यादीत नाव नाही म्हणजे धरणारा जुन्या पद्धतीने, ट्रॅकरला न सांगता धरतोय, आणि तसा कोड आमच्याच मोड्यूलमध्ये, म्हणजे कर्नलला जोडलेल्या आमच्या कोडमध्ये, होता.

तेवढ्यात मॅनेजर आले. "इंटरफेस निघताना आपल्या मोड्यूलमधून एक डेव्ह_पुट जास्तीचा टाकून दे ना. बाजार बंद झाला की पाठवू."

मी म्हणाले, "सर, ज्याच्यावर चूक झालीच नाही त्या इंटरफेसचं काय? कुणीतरी खरंच वापरत असताना आकडा 1 दिसेल, कर्नल मेमरी सोडून देईल, आणि त्या जागी दुसरंच काही येऊन बसेल."

अडकलेला इंटरफेस दर दहा सेकंदांनी बोंब तरी मारतो. जास्तीचा डेव्ह_पुट गप्प राहतो आणि भलत्याच ठिकाणी मशीन पाडतो. कर्नलमध्ये 2017 पासून रेफकाउंट_टी हा मोजणीचा सुरक्षित प्रकार आहे, तो अशा उलट्या मोजणीवर ओरडतो. पण इंटरफेसचा आकडा वेगासाठी प्रत्येक सीपीयूवर वेगळा ठेवतात. एका सीपीयूवर धरलं, दुसऱ्यावर सोडलं तर एखादा तुकडा उणेही जातो आणि बेरीज तरीही बरोबर येते. अशा ठिकाणी पहारा बसवणार कसा? मॅनेजरांना हे पटलं की घड्याळाकडे पाहून त्यांनी नाद सोडला, कोण जाणे.

कोड वाचायला बसलो. नियम लावणारं फंक्शन नावावरून इंटरफेस शोधतं; डेव्ह_गेट_बाय_नेम शोधतानाच आकडा एकने वाढवतं. पुढे एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्याची, तपासणी. आमच्या मोड्यूलला 1500 च्या वर चालत नाही, आणि ग्राहकाने सकाळीच एका सेवेची एमटीयू 9000 केली होती. नियम नाकारला गेला, ते योग्यच. पण तिथून थेट रिटर्न होतं, म्हणजे फंक्शन तिथेच संपत होतं. सोडण्याची ओळ खाली, सुरळीत वाटेवरच. म्हणून इतके महिने कुणाला पत्ता नाही.

दुरुस्ती चिमूटभर: रिटर्नच्या जागी गोटू (फंक्शनच्या शेवटच्या लेबलवर उडी), आणि त्या लेबलखाली दोन्ही वाटांसाठी एकच डेव्ह_पुट. कॉलेजात गोटूला नाकं मुरडतात, कर्नलमध्ये त्याच्यावाचून पान हलत नाही. कसॅन हा मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस लावून चांगल्या-वाईट दोन्ही एमटीयूंचा मारा केला; इंटरफेस निमूट जात राहिले.

साडेतीनला बाजार बंद झाल्यावर ग्राहकाने मशीन रिमोट कन्सोलवरून रीसेट केलं, कारण साधा रीबूटही त्याच इंटरफेसपाशी अडत होता. मग नवं मोड्यूल चढवलं.

दरम्यान नवीन मुलाने ग्रेप या शोधायच्या कमांडने त्याच फाइलमध्ये असलेच आणखी दोन रिटर्न शोधले. "मॅडम, हे मी करू?" म्हणाला. पॅच नीट होता, फक्त एका ठिकाणी रिटर्नच्या जागी गोटू आला तरी त्याच्या वर त्याने आधी टाकलेला डेव्ह_पुट तसाच राहिला होता. तेवढा काढायला लावला.