तिसरा सांधा का उघडत होता : चिकटवलेल्या तुळईच्या तिसऱ्या प्रयत्नाआधीची नोंद

लाकडी पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली दुसरी तुळईसुद्धा नेमक्या तिसऱ्या सांध्यावरच उघडली, येथे मागची नोंद थांबली होती. त्याचे कारण या पंधरवड्यात सापडले. गोंद, दाब आणि रंधायंत्राची पाती या तिघांवर मी महिनाभर घेतलेला संशय निराधार होता, हे आता खात्रीने लिहिता येते.

रचना पूर्वीचीच आहे : पाइनच्या ६ पट्ट्या, प्रत्येकी २० मिमी जाड, ९० मिमी रुंद आणि १.८ मीटर लांब, म्हणजे एकूण ५ सांधे. पहिल्या तुळईला पांढरा पीव्हीए गोंद वापरला होता, दुसरीला पॉलियुरेथेन. गोंद बदलूनही तोच सांधा त्याच टोकाकडून सुमारे ४०० मिमी लांबीपर्यंत उघडला, तेव्हाच खरे तर गोंदाला संशयातून मुक्त करायला हवे होते. त्याऐवजी मी दाबाच्या हिशेबात शिरलो. मऊ लाकडासाठी दर चौरस मिलिमीटरला ०.७ न्यूटन दाब धरला, तर ९० गुणिले १,८०० मिमीच्या सांध्याला सुमारे १,१३,४०० न्यूटन बल लागते. ते १२ क्लॅम्पमध्ये वाटले, तर प्रत्येकावर साडेनऊ हजार न्यूटनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक टन भार येतो. हाताने आवळायच्या साध्या क्लॅम्पकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही. हा आकडा पाहून मी हायड्रॉलिक जॅकची चौकट बांधायला निघालो होतो. ती चौकट पुढे कधीतरी बांधेनच, कारण जाड गोंदरेषेचा, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये गोंदाचा थर जाड राहण्याचा, प्रश्न वेगळा आणि खरा आहे. परंतु दाब कमी पडला असता, तर पाचपैकी कोणताही सांधा सुटू शकला असता. दोन्ही वेळा तिसराच का सुटावा, याचे उत्तर त्या हिशेबात नव्हते.

पहिला धागा उघडलेल्या सांध्याच्या पृष्ठभागावर मिळाला. सुटलेला भाग छिन्नीने पूर्ण वेगळा करून तिरप्या उजेडात पाहिला, तेव्हा गुळगुळीत, चकचकीत गोंदाचा पापुद्रा कुठेच दिसला नाही. बहुतेक भागावर लाकडाचे तंतू उपटून आले होते. पापुद्रा दिसला, तर चिकटणे फसले. तंतू उपटलेले दिसले, तर गोंद टिकला आणि त्याच्या शेजारचे लाकूड फाटले. ही परीक्षा आपल्या सर्वांना माहीत असते, तरीही दोन तुळया वाया जाईपर्यंत मी ती नीट केली नव्हती.

दुसरा धागा बोटाला लागला. दोन्ही तुळया चिकटवल्यानंतर त्यांच्या बाजू रंधून एका पातळीत आणल्या होत्या. आता त्याच बाजूवरून अंगठा फिरवला, तर तिसऱ्या सांध्यावर स्पष्ट पायरी जाणवली. कॅलिपरने मोजल्यावर चौथी, पाचवी आणि सहावी पट्टी पहिल्या तिघींपेक्षा १ मिमीहून थोडी जास्तच अरुंद निघाली. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, परंतु वाढवलयांच्या (खोडातील वार्षिक कड्यांच्या) स्पर्शरेषेच्या दिशेने ते बरेच आकसते. वलये रुंदीला समांतर असणाऱ्या पाइनच्या फळीत ओलावा १ टक्क्याने उतरला की रुंदी साधारण ०.२५ टक्क्याने घटते. या हिशेबाने ९० मिमी रुंदीत १ मिमीपेक्षा जास्त फरक पडायला पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा उतरावा लागतो. माझ्या वहीत मात्र सुया टोचून ओलावा दाखवणाऱ्या मीटरने मोजलेला सर्व पट्ट्यांचा ओलावा १२ टक्के नोंदलेला होता.

येथे फळ्यांच्या उगमाकडे लक्ष गेले. दोन्ही तुळयांत पहिल्या तीन पट्ट्या माझ्याकडे दोन वर्षे थप्पीत वाळलेल्या जुन्या फळ्यांच्या होत्या आणि उरलेल्या तीन भट्टीत वाळवलेल्या म्हणून विकत घेतलेल्या ५० मिमी जाड फळ्यांमधून चिरलेल्या होत्या. दोन साठे एकमेकांना भेटत होते ते फक्त तिसऱ्या सांध्यावर.

दोन्ही साठ्यांतील शिल्लक फळ्यांच्या टोकापासून ३०० मिमी सोडून आतल्या बाजूचे तुकडे कापले, लगेच तोलले आणि ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवले. ओल्या आणि कोरड्या वजनातील फरकाला कोरड्या वजनाने भागायचे, एवढेच गणित आहे. जुन्या फळीचा तुकडा ५८.९ ग्रॅमवरून ५३.१ ग्रॅमवर आला, म्हणजे १०.९ टक्के. नव्या जाड फळीतून ताज्या चिरलेल्या पट्टीचा तुकडा ६२.४ वरून ५३.६ वर उतरला, म्हणजे १६.४ टक्के. साडेपाच टक्क्यांचा फरक! एकाच तुळईतील पट्ट्यांत पाच टक्क्यांहून अधिक तफावत नसावी, हा कारखान्यांत पाळला जाणारा नियम मी पुस्तकी समजत होतो. तो किती अनुभवातून आलेला आहे, हे त्या दोन वजनांनी दाखवले.

मीटरने खोटे सांगितले नव्हते. मी त्याला चुकीच्या जागी विचारले होते. त्याच्या आखूड सुया ५ मिमी आत जातात आणि मी मोजमाप फळी चिरण्यापूर्वी घेतले होते. त्याच जाड फळीचा बाहेरचा थर वेगळा वाळवून पाहिला, तेव्हा ११.६ टक्के निघाला आणि गाभा १८.९ टक्के. फळी मधोमध चिरली की ओला गाभा पट्टीचा पृष्ठभाग बनतो, आणि तुळई चिकटवल्यावर तो निवांतपणे वाळत राहतो. चौथा आणि पाचवा सांधा सुखरूप राहिला, कारण त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच ओल्या होत्या आणि एकत्रच आकसल्या. तिसऱ्या सांध्यावर एक बाजू आकसत होती आणि दुसरी जागची हलत नव्हती. उघडणे टोकाकडून सुरू झाले, कारण टोकाच्या आडव्या छेदातून ओलावा सर्वांत लवकर निघून जातो.

खात्रीसाठी जाड फळीच्या आडव्या चकतीतून दोन दात्यांचा काटा कापून खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी दाते आत वळून एकमेकांना भिडले होते; गाभ्याकडची ओली बाजू मागाहून वाळून आकसल्याची ती खूण. विक्रेत्याने फळी भट्टीतून काढली होती, हे खरे असेल. परंतु शेवटी आतला आणि बाहेरचा ओलावा समान होईपर्यंत ती भट्टीत ठेवली गेली नव्हती. यापुढे ‘भट्टीत वाळवलेली’ या शब्दांवर मी जाड फळी घेणार नाही. काटा कापून पाहण्याची परवानगी देणाऱ्याकडूनच घेईन. मीटरविषयी माझे मत असे झाले आहे, की वाळण्याची दिशा पाहायला तो उत्तम आहे, परंतु चिकटवण्याचा निर्णय ०.१ ग्रॅमपर्यंत तोलणाऱ्या काट्यावरच घ्यावा.

या गोंधळात एक आनंदाची गोष्ट नोंदवायची राहू नये. बँडसॉला (पट्ट्यासारखे पाते असलेल्या यांत्रिक करवतीला) फळी टेकवायची नवी उंच आडपट्टी बसवल्यापासून १.८ मीटर लांबीत चिरलेल्या पट्टीच्या जाडीतील फरक ०.३ मिमीच्या आत आला आहे. पूर्वी तो मिलिमीटरपेक्षा जास्त असे आणि रंध्याखाली निम्मी मेहनत तेथेच जाई. दुसऱ्या तुळईच्या टोकाची चकती २४ तास पाण्यात बुडवून, मग वाळवून पाहिली. पाचव्या सांध्यात छिन्नीचे टोकही शिरले नाही. ती चकती मी जपून ठेवली आहे.

आता योजना. उरलेल्या जाड फळ्या ताबडतोब चिरून, टोकांना मेण लावून, मध्ये सारख्या जाडीच्या काठ्या ठेवून थप्पी लावली आहे. तिसरी तुळई पूर्वीसारखीच २० मिमीच्या पट्ट्यांची करायची, असे हा परिच्छेद सुरू करताना ठरलेले होते. परंतु वाळण्याचा काळ जाडीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो, म्हणून ६ मिमीच्या पट्ट्या का करू नयेत, असा विचार लिहितानाच आला. तेवढ्या पातळ पट्ट्या वाकवताही येतात; त्रिज्या जाडीच्या २०० पट ठेवली, तरी १.२ मीटर त्रिज्येची कमान शक्य होते. ओटो हेत्सर यांनी जर्मनीत १९०६ मध्ये वक्र चिकटवलेल्या तुळईचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही वाट उघडी आहे, आणि मला ती फार दिवसांपासून खुणावते आहे. अडचण लाकडाच्या नासाडीची आहे. पाते २ मिमी खाते आणि प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंनी मिळून ३ मिमी रंधावी लागते. ५० मिमीच्या फळीतून २० मिमीच्या दोन पट्ट्या निघतात, म्हणजे ४० मिमी उपयोगी पडतात. ६ मिमीच्या मात्र चारच निघतात, म्हणजे अवघे २४ मिमी, आणि उरलेला अर्ध्याहून अधिक भाग भुसा आणि ढलपी होतो. पातळ पात्याने चिरून रंधणे कमी करता आले, तरच हे परवडेल. म्हणून आधी एक छोटी कमान आणि सरळ तुळई त्यानंतर, असा क्रम मी आत्ता बदलत आहे.

थप्पीतील एक मीटर लांबीची नमुना पट्टी पहिल्या दिवशी १,२४० ग्रॅम होती. १६.४ टक्क्यांच्या हिशेबाने तिचे कोरडे वजन १,०६५ ग्रॅम येते, आणि ११ टक्क्यांवर ती १,१८२ ग्रॅम भरायला हवी. आज नवव्या दिवशी वजनकाट्याने १,२०९ दाखवले, म्हणजे साडेतेरा टक्के. गोंदाचा डबा अजून उघडलेला नाही.