वीस सेकंदांचा दम

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे पिवळे द्रव्य, वाढलेलेच असते आणि पित्ताशयात खडे तरुण वयातच होतात. पूर्व विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणात असल्यामुळे, डोळे पिवळे झालेल्या रुग्णाची कावीळ नेहमीचीच आहे की एखादा खडा घसरून पित्तनलिकेत अडकला आहे, हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. सोनोग्राफीत नलिकेचे खालचे टोक आतड्यातील वायूमुळे पुष्कळदा झाकले जाते. मग डॉक्टर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, लिहून देतात.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय तंत्रज्ञ आहे. या तपासणीत रंगद्रव्याची सुई लागत नाही, कारण स्थिर द्रवाकडून यंत्राला मिळणारा संकेत फार काळ टिकतो आणि आजूबाजूच्या ऊतींचा लवकर विझतो. उशिरा ऐकले की पित्त तेवढे पांढरे उरते. अडचण श्वासाची आहे. यकृत प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर सरकते, म्हणून नेहमीच्या त्रिमितीय पद्धतीत यंत्र प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी थोडीच माहिती घेते. श्वास नियमित असेल तर चार-सहा मिनिटांत काम होते. पण पोटात कळ येत असलेल्या आणि पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आलेल्या म्हातारीचा श्वास नियमित कसा असणार? पडद्यावरची श्वासाची लाट वेडीवाकडी होते, वेळ दुपटीने वाढतो आणि शेवटी चित्र पुसट येते.

यावर सर्वांत जुना जलद उपाय म्हणजे चार-पाच सेंटिमीटर जाडीचा एकच थर काही सेकंदांत टिपणे. संपूर्ण नलिकावृक्ष एका नजरेत दिसतो, परंतु जाड थरात बारीक खडा पित्ताच्या उजेडात बुडून जातो. म्हणून केवळ त्यावर निदान ठेवणे मला कधीच पटले नाही.

खरा फरक कॉम्प्रेस्ड सेन्सिंगने, म्हणजे थोड्याच मोजमापांवरून पूर्ण चित्र उभे करण्याच्या तंत्राने, पडला. या तंत्राचा गणिती पाया 2006 च्या सुमारास घातला गेला आणि 2007 मध्ये लस्टिग, डोनोहो आणि पॉली या संशोधकांनी ते एमआरआयसाठी मांडले. यंत्र सगळी माहिती न घेता तिचा थोडाच भाग, तोही मुद्दाम अनियमित क्रमाने, गोळा करते. त्यामुळे राहिलेल्या उणिवा चित्रात खरखरीसारख्या विखुरतात आणि संगणक पुन्हापुन्हा गणित करून त्या काढून टाकतो. ज्या चित्रात मोजक्याच जागी उजेड असतो तेथे हे उत्तम जमते, आणि एमआरसीपी तर जवळपास काळीच असते. त्यामुळे पातळ थरांची त्रिमितीय तपासणी सुमारे वीस सेकंदांच्या एका दमात बसते.

मात्र वीस सेकंद दम धरणे सर्वांना जमत नाही, आणि मध्येच श्वास घेतला तर सगळेच चित्र हलते. म्हणून मी आधी बाहेरच सराव करून घेतो : “माय, श्वास सोडा, आता तसंच थांबा, घेऊ नका.” उच्छ्वासानंतर यकृत दर वेळी साधारण त्याच जागी येते, म्हणून आधी श्वास सोडायला सांगतो. माय बारा सेकंदांत धापा टाकू लागली, तर मी हट्ट करीत नाही. श्वासाबरोबर चालणारी जुनीच पद्धत घेतो आणि श्वास टिपणारा पट्टा नीट बसवतो. यकृतातील बारीक शाखांसाठी, रुग्ण शांत असेल तर, ती आजही मला अधिक भरवशाची वाटते. मुख्य नलिकेत खडा आहे की नाही, एवढेच पाहायचे असेल तर मात्र वीस सेकंद पुष्कळ झाले.