तुम्ही विचारलंत म्हणून: दोन सेकंदांसाठी एवढं काय?

नागपुरात महाल भागातल्या घरी आले आणि लॅपटॉप उघडला की मावशीचा प्रश्न ठरलेला, "काहून गं बाई, दोन सेकंदांचं तर आहे ते. उद्या पाह्य ना!" आता बाकीचेही तेच विचारतात. ते दोन सेकंद म्हणजे अवकाशातले गॅमा किरणांचे, म्हणजे फार जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचे, लघुस्फोट. दोन सेकंदांच्या आत संपतात, आणि उपग्रहाच्या नोंदींत ते शोधणं हे माझं काम.

आजवर मी सोन्याची गोष्ट सांगून वेळ मारून नेली. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीच्या गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच बसलेले हेलकावे) पृथ्वीवर पोचल्या. पाठोपाठ १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा लघुस्फोट टिपला आणि ११ तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवर त्याचा उजेड सापडला. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात. मावशी बांगड्यांकडे बघते, विषय मिटतो. पण मी लॅपटॉप उघडते ते त्यासाठी नाही.

ताईचं लग्न मे महिन्यातलं. हळदीची दुपार, बाहेर ४५ अंश, कूलरच्या वाळ्याचा वास, आणि उपग्रहाची नोंद तपासायची पाळी माझी. आलेख एकेका सेकंदाच्या पट्ट्यांत काढला. एक पट्टी आजूबाजूच्यांपेक्षा जेमतेम उंच. वैश्विक किरण डिटेक्टरवर आदळले की असे खोटे चढ रोजच दिसतात. अंगणातून दोनदा हाक आली. मी 'गोंगाट' असा शेरा मारला आणि उठले. माझ्या बोटांना आधीच हळद लागली होती. एंटरची कळ अजून पिवळट आहे.

दोन दिवसांनी दुसऱ्या उपग्रहाच्या गटाचं पत्रक आलं. तीच वेळ, तोच सेकंद. मी तीच नोंद सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या पट्ट्यांत काढली. त्या बुटक्या पट्टीच्या जागी तीन सुया उभ्या राहिल्या. ०.३ सेकंदांचा स्फोट मी अख्ख्या सेकंदाच्या पार्श्वभूमीत बुडवला होता. तेव्हाच कळवलं असतं तर दोन्हीकडच्या वेळांतल्या फरकावरून निदान ढोबळ दिशा आखता आली असती. अशा स्फोटामागचा मंद उजेड फार टिकत नाही. हा कुणालाच सापडला नाही.

चढ ठरलेल्या मर्यादेच्या खालीच होता, नियमाने मी चुकले नाही. हे तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. पण पट्ट्या बारीक करायला लागतात चार मिनिटं. तेवढी हळद थांबली नसती का? आणि ताईच्या त्या फोटोत मी नसते, तर आज तेही सललंच असतं.

मावशी, आज रात्री नऊला नोंद येणार आहे. माझं ताट झाकून ठेव.