फ्रीझरमधला शेवटचा डबा

परवा लॅबमधल्या मायनस 80 अंशांच्या फ्रीझरमधला माझा नमुन्यांचा रॅक आवरायला घेतला, कॉन्ट्रॅक्ट संपायला सहा आठवडे उरलेत म्हणून. 81 खाचांचे डबे, झाकणावर मार्करने माझी अद्याक्षरं, आणि ट्यूबांवर असे शॉर्टफॉर्म जे फक्त मलाच कळतात. ड्राय आइसवर डबा ठेवून एकेका ट्यूबचं पूर्ण नाव लॅबमधल्या पीएचडीच्या मुलीला सांगत होते, ती शीटमध्ये टाइप करत होती.

हा माझा तिसरा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोन वर्षं काम असं बाहेरच्यांना वाटतं, पण पहिले तीन-चार महिने घर शोधण्यात, ट्रेनिंगमध्ये, मशीनची परवानगी मिळवण्यात जातात आणि शेवटचे सहा-आठ महिने पुढच्या नोकरीच्या अर्जांत, मग मधे उरतं जेमतेम एक वर्ष. त्यामुळे आपण प्रश्नच असे निवडायला लागतो जे वर्षभरात पेपर देतील. मला खरंच ज्याचं उत्तर हवंय तो प्रश्न पाच-सात वर्षं मागतो, तो पहिल्या लॅबपासून वहीच्या मागच्या पानावर आहे. शहर सोडण्यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

आणि शहर तर सोडावंच लागतं. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपचा नियमच आहे की ज्या देशात जायचंय तिथे अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. हेतू चांगला आहे, नव्या लॅबमध्ये माणूस शिकतो, मायक्रोस्कोपी मी अशीच शिकले. पण सव्विसाव्या वर्षी दोन बॅगा उचलून निघणं वेगळं आणि नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा आणि कॉन्ट्रॅक्टच्याच तारखेला संपणारा व्हिसा घेऊन निघणं वेगळं.

जर्मनीत तर कायद्यानेच पीएचडीआधी 6 आणि नंतर साधारण 6 वर्षं अशी संशोधकांच्या तात्पुरत्या नोकरीची मर्यादा आहे. तिथल्या मंत्रालयाच्या व्हिडिओत हॅना नावाचं एक काल्पनिक पात्र होतं आणि एकाच पिढीने जागा अडवून सिस्टिम तुंबू नये अशा अर्थाचं समर्थन होतं, त्यावर 2021 मध्ये हजारो लोकांनी ‘मीच हॅना’ म्हणत आपापली कॉन्ट्रॅक्टं मोजून दाखवली. मी ते रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते. तुंबणं हा शब्द माणसांसाठी वापरला याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या लॅबप्रमुख मॅडमना दोष देत नाही, त्यांनी मुदतवाढीसाठी खूप धडपड केली, पण ग्रांटच संपली तर त्या तरी कुठून देणार.

शेवटचा डबा त्या वहीतल्या प्रश्नाचा होता. अकरा ट्यूब, बाकी खाचा रिकाम्या. टाइप करणाऱ्या मुलीने विचारलं, हा कोणाच्या प्रोजेक्टमध्ये टाकू, की काढून टाकायचा? म्हटलं, राहू दे, अजून सहा आठवडे आहेत.