ड्राइव्हच्या तेलात पाणी: चोर सापडला

मंडळी, दोन पावसाळे छळणारा चोर काल पकडला!

माझ्या बोटीच्या ड्राइव्हच्या (बोटीमागे पाण्यात असणारा, इंजिनाची ताकद प्रॉपेलरला देणारा भाग) तेलात पाणी कुठून शिरतं ते सापडत नव्हतं, म्हणून मढच्या यार्डात बोट ट्रेलरवर घेतली. शेजारी कोळी मंडळी १ जूनच्या मासेमारी बंदीआधी होड्या वर ओढून शाकारत होती. मी अल्फा वनचा, म्हणजे या ड्राइव्हचा, तेल सोडायचा खालचा ड्रेन स्क्रू काढला, मग हवेसाठीचा वरचा व्हेंट. पुन्हा तेच, पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालेलं तेल. प्रॉप शाफ्टचे (प्रॉपेलर फिरवणाऱ्या दांड्याचे) सील, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या, तर गेल्याच वर्षी नवे घातले होते!

गळती शोधायला ड्राइव्हमध्ये १० पीएसआय दाबाने हवा भरली. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही, साबणाच्या पाण्याला एक बुडबुडा नाही. मग उलट आतली हवा ओढून व्हॅक्यूम लावला, तोही टिकला. दोन रविवार यातच गेले. काल व्हॅक्यूम लावलेला असतानाच शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला आणि काटा घसरायला लागला! आतून हवेचा दाब दिला की तेलाकडचा सील शाफ्टला आणखी घट्ट धरतो, पाण्याकडच्या सीलची परीक्षा व्हॅक्यूमनेच होते. तीही शाफ्ट फिरवून करा, हे माझं आता ठाम मत आहे.

बेअरिंग कॅरिअर (सील ज्यात बसतात तो भाग) मिठाने जाम झाला होता, पुलरने तासाभराने सुटला. प्रॉपेलरमागे हातभर तंगूस गुंडाळलेला. बाहेरचा, पाण्याकडचा सील काढला तर त्याच्या ओठामागची स्प्रिंग बोटावर तांबडी पूड होऊन आली. नागदेवी स्ट्रीटवरच्या एका दुकानातून मापाने जुळवून आणला होता. माप अचूक होतं, पण स्प्रिंग साध्या लोखंडाची. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसचीच हवी. कंपनीचा सील महाग पडतो, तरी इथे पैसे वाचवू नका.

शाफ्ट पुसून नख फिरवलं तर ओठाच्या जागी बारीक खाच लागते. त्यावर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवायची ठरवली होती. पण हे लिहिता लिहिता सुचलं, नवा सील दीड मिलिमीटर बाहेरच्या बाजूला बसवला तर ओठ कोऱ्या धातूवर येईल. कॅरिअरमध्ये तेवढी जागा आहे का, ते उद्या मोजतो. असेल तर स्लीव्ह रद्द.

बाकी कामं उरकली. झिंक (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) अर्धं झिजलं होतं, बदललं. बेलोज (घड्यांचं रबरी आवरण) बोटांनी ताणून पाहिले, चीर नाही. ड्राइव्ह पूर्ण खाली सोडूनच ठेवणार, वर उचलून ठेवला तर बेलोज दुमडलेल्या जागी तडकतात. टाकी रिकामी केली. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मुंबईच्या दमट हवेत पाणी ओढतं.

फ्लशिंग (इंजिनातलं मीठ गोड्या पाण्याने धुणं) मात्र मुद्दाम थांबवलंय. यार्डातल्या बोअरचं पाणी मचूळ आहे, त्याने मीठ कसलं निघणार? शेडच्या पन्हळीखाली दोनशे लिटरचा ड्रम लावलाय. पहिल्या दोन सरींत पत्रा धुऊन निघाला की तो भरेल, मग छोटा पंप जोडून त्याच पाण्यावर इंजिन चालवेन. इम्पेलर (इंजिनासाठी पाणी ओढणारं रबरी चक्र) त्यानंतरच काढायचा. त्याआधी सील बसवून नवं तेल खालून पंपाने भरायचं, व्हेंटमधून बाहेर येईपर्यंत. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात ड्रेन स्क्रू किंचित सैल करेन. पाणी शिरलं असेल तर जड म्हणून आधी तेच बाहेर येईल.