पावसाळ्यानंतरची दुरुस्ती: अँटेनाकडे एन-टाइप, रेडिओकडे पीएल-259 कनेक्टर

गच्चीवरच्या 2 मीटर आणि 70 सेंटिमीटर या हौशी रेडिओ बँडच्या अँटेनापासून खोलीपर्यंत माझी 20 मीटर आरजी-213 (जाड कोअॅक्सियल) केबल आहे. या पावसाळ्यानंतर 435 मेगाहर्ट्‌झवरचे (70 सेंटिमीटर बँडमधले) दूरचे सिग्नल क्षीण झाले, तरी खोलीतल्या मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या लहरीचे माप; 1 म्हणजे काहीच परतत नाही) पूर्वीपेक्षाही चांगला, म्हणजे 1.2 दिसत होता, आणि या आकड्यावर विसंबून मी दोन आठवडे अँटेनाच तपासत राहिलो. केबलमध्ये शक्ती वाया जात असेल, तर परतणारी लहरही वाटेतच क्षीण होते आणि मीटर खोटे समाधान देतो. अखेर गच्चीवरच्या टोकाला वॉटमीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषणारा भार) लावला. खालून 10 वॅट सोडल्यावर वर जेमतेम अडीच वॅट पोचले. या लांबीच्या सुस्थितीतल्या केबलमधून या फ्रिक्वेन्सीला साधारण निम्मी शक्ती पोचायला हवी.

गच्चीवरच्या टोकाचा पीएल-259 कनेक्टर कापून पाहिला, तेव्हा केबलच्या आतली तांब्याची जाळी काळवंडलेली होती. पीएल-259 ला पाणी अडवणारी रबरी कडी नसते आणि आत शिरलेले पाणी जाळीतून वातीसारखे पुढे सरकते. लखलखीत तांबे दिसेपर्यंत मला एक मीटरभर केबल कापावी लागली.

अँटेनाकडे आता एन-टाइप बसवला आहे. त्यात रबरी कडी असते, शिवाय त्याचा 50 ओहमचा इंपिडन्स (रेडिओ लहरीला दिसणारा विरोध) जोडणीभर कायम राहतो, जो पीएल-259 मध्ये राहत नाही. (पीएल-259 ला ‘यूएचएफ’, म्हणजे अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी, कनेक्टर म्हणतात, परंतु ते नाव 30 मेगाहर्ट्‌झच्या वरच्या साऱ्या पट्ट्याला यूएचएफ म्हणण्याच्या काळातले आहे.) बीएनसी या फिरवून अडकवायच्या कनेक्टरचा विचार केला होता, परंतु 10.3 मिलिमीटर जाडीच्या ताठ केबलचा ताण त्या लहान कनेक्टरवर टाकणे मला पटले नाही.

एन-टाइप घेताना 75 ओहमचा नमुना हाती येणार नाही, हे आवर्जून पाहावे. त्याची मधली पिन बारीक असल्याने 50 ओहमच्या सॉकेटमध्ये संपर्क अधूनमधून तुटतो. पिन किती पुढे येते, हेही जोडण्यापूर्वी तपासावे, कारण जास्त पुढे आलेली पिन समोरच्या सॉकेटच्या पाकळ्या फाकवते.

माझ्या रेडिओवर एसओ-239 सॉकेट (पीएल-259 ज्यात बसतो ते) असल्याने खोलीकडे पीएल-259 च ठेवला. एका कोरड्या जोडणीसाठी मध्ये अॅडॉप्टर घालणे मला अनावश्यक वाटते. गच्चीवरच्या जोडणीवर स्वतःत एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळली असून तिच्याखाली केबलला पाणी निथळण्यासाठी झोळ ठेवला आहे. काल पुन्हा मोजले, तेव्हा 10 पैकी 4.9 वॅट वर पोचले.